लाल पिशवीतील प्लास्टिक आणि त्यातून मिळणारी रसायने

शहापूर आज बेळगाव शहराचे एक उपनगर म्हणून ओळखले जात असले, तरी १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानातील एक गाव होते आणि तेथील पेठेला स्वतःचा नावलौकिक होता. लुगडी आणि सोन्याचांदीचा व्यवहार ही त्या पेठेची दोन अंगे होत. सराफ गल्ली हे नाव तेथे आजही टिकून आहे. जेथे सराफी चालते तेथे झारेकरीही आलाच. सोनाराच्या दुकानातील केर, भट्टीतील राख आणि बैठकीखालची माती तो मोल देऊन नेतो, धुतो, चाळतो, गाळतो आणि डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण त्यातून वेगळे करतो. म्हणूनच सोनार आपला केर रस्त्यावर लोटीत नाही. त्या केराला किंमत आहे हे त्याला पक्के ठाऊक असते.

अशाच गल्लीबोळांतून आज लहानमोठे दवाखाने, प्रसूतिगृहे, दंतवैद्यांच्या खोल्या आणि रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा थाटलेल्या दिसतात. शहापुरापासून निपाणीपर्यंत आणि तेथून पुढे कोल्हापुरापर्यंत हेच चित्र आहे. त्यांचाही रोजचा केर असतो : एकदाच वापरून टाकलेल्या पिचकाऱ्या, सलाइनच्या रिकाम्या बाटल्या, नळ्या, हातमोजे, लघवीच्या पिशव्या. या केराकडे मात्र झारेकऱ्याच्या दृष्टीने पाहण्याची सवय आपल्याला अद्याप जडलेली नाही. काही जण त्याला केवळ भितात, काही जण तो दवाखान्यामागे पेटवून देतात, तर काही जण तो भंगारवाल्याला विकतात. आणि यांपैकी पहिल्या प्रकारचे लोक शहाणे म्हणावेत, अशी बाकीच्या दोन प्रकारांची करणी आहे. या प्लास्टिकपासून उपयुक्त रसायने मिळविता येतात, ही गोष्ट प्रयोगशाळांतून सिद्ध झालेली आहे. परंतु ती रसायने भट्टीत मिळतील की नाही, हे बव्हंशी भट्टीपाशी नव्हे तर रुग्णाच्या खाटेपाशीच ठरते. ते कसे, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

काचेकडून प्लास्टिककडे

पन्नाशी उलटलेल्या वाचकांना काचेची पिचकारी आठवत असेल. दवाखान्यातील कंपाउंडर स्टोव्हवर ठेवलेल्या डब्यात पिचकाऱ्या आणि सुया उकळीत असे आणि तीच सुई दिवसभरात अनेकांच्या दंडाला लागत असे. पाणी पुरेसे उकळले नाही, किंवा गर्दीच्या वेळी डब्यात सुई नुसती बुडवून काढली, तर एकाच्या रक्तातील कावीळ दुसऱ्याच्या रक्तात जाई. एड्सच्या प्रसारानंतर हा धोका सर्वांच्याच ध्यानी आला आणि एकदाच वापरावयाची प्लास्टिकची पिचकारी सर्वत्र रूढ झाली. या बदलाने असंख्य प्राण वाचले, हे प्रथम नमूद केले पाहिजे. प्लास्टिकविरुद्ध सरसकट बोलणाऱ्यांनी निदान दवाखान्यापुरते तरी आपले बोलणे आवरते घ्यावे.

मात्र वापर एकदाच झाला म्हणून वस्तू नाहीशी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १,६०० कोटी इंजेक्शने दिली जातात. आपल्या देशात सर्व प्रकारचा जैववैद्यकीय कचरा दररोज ७४३ टन निर्माण होतो, अशी माहिती केंद्र सरकारच्या वतीने फेब्रुवारी २०२५ मध्ये देण्यात आली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, केवळ त्या साथीशी संबंधित कचराच देशभरात दररोज सुमारे २०० टन जमा होत होता. त्यातील मोठा भाग मुखपट्ट्या, झगे आणि हातमोजे यांचा होता.

या कचऱ्याची विल्हेवाट चुकली म्हणजे काय होते, याचा कटू अनुभव गुजरातने घेतला आहे. २००९ च्या प्रारंभी साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा परिसरात हिपॅटायटिस-बी या काविळीची मोठी साथ उद्भवली आणि अनेकांचे बळी गेले. वापरलेल्या पिचकाऱ्यांचा पुनर्वापर आणि अशा पिचकाऱ्यांचा चोरटा व्यापार या दोन्ही गोष्टी त्या वेळी उघडकीस आल्या. धुऊन, पुसून, नव्या वेष्टनात घातलेली जुनी पिचकारी दिसायला नवीच दिसते. भंगाराच्या पोत्यात गेलेली अखंड पिचकारी पुढे कोणाच्या हाती पडेल, हे विकणाऱ्याला सांगता येत नाही.

पिशवीत नेमके असते तरी काय?

‘प्लास्टिक’ हा शब्द आपण एकवचनी वापरतो. परंतु धान्य म्हटल्याने जसे ज्वारी आणि हरभरा एक होत नाहीत, तसेच येथेही आहे. पिचकारीची नळी आणि दट्ट्या सामान्यतः पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि दट्ट्याच्या टोकाला रबराची चकती असते. मुखपट्टी व शस्त्रक्रियेच्या वेळचा निळा-हिरवा झगा कापडासारखा दिसला, तरी तो न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंचा असतो. सलाइनची मऊ बाटली बहुधा पॉलिथिलीनची असते. तिच्यापासून शिरेपर्यंत जाणारी पारदर्शक लवचीक नळी, रक्ताची पिशवी आणि लघवीची पिशवी या वस्तू बहुतांशी पीव्हीसीच्या, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइडच्या असतात. रक्ततपासणीच्या नळ्यांपैकी अनेक नळ्या पीईटीच्या, म्हणजे एका प्रकारच्या पॉलिएस्टरच्या असतात. हातमोजे कधी रबराच्या चिकाचे, कधी नायट्राइल या कृत्रिम रबराचे असतात.

ही यादी कंटाळवाणी वाटली तरी तिच्यातच सारे मर्म आहे. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांत कार्बन आणि हायड्रोजन या दोन मूलद्रव्यांखेरीज तिसरे काही नसते. एक किलो पॉलिप्रॉपिलीनमध्ये सुमारे ८५७ ग्रॅम कार्बन आणि १४३ ग्रॅम हायड्रोजन असतो. खनिज तेलही प्रामुख्याने याच दोन मूलद्रव्यांचे बनलेले आहे. किंबहुना पिचकारी ही भूगर्भातील तेलाचीच घट्ट केलेली अवस्था होय. लहान लहान रेणू एकमेकांना जोडून हजारो कड्यांची साखळी तयार करावयाची, की झाले प्लास्टिक. ती साखळी पुन्हा तोडली, की पूर्वीचे लहान रेणू मोकळे. कारखान्यात जे जोडले ते भट्टीत तोडावयाचे, एवढाच या शास्त्राचा गाभा आहे.

पीव्हीसीची गोष्ट निराळी. त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग, सुमारे ५७ टक्के, क्लोरीनचा असतो. तो पुढे कसा आडवा येतो ते यथावकाश पाहू.

जाळून का टाकू नये?

उघड्यावर जाळणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. मंद व अपुऱ्या आगीत पीव्हीसी जळताना डायॉक्सिन व फ्युरॅन या वर्गातील अत्यंत विषारी द्रव्ये निर्माण होतात. ती वाऱ्याबरोबर गवतावर, गवतातून जनावरांच्या दुधात आणि दुधातून माणसाच्या शरीरातील चरबीत पोहोचतात व तेथे वर्षानुवर्षे राहतात. ज्याने काडी लावली त्याला आपण काही केले असे वाटतही नाही.

शास्त्रशुद्ध दाहकभट्टीची बाब वेगळी आहे. तिच्या दुसऱ्या कक्षात सुमारे १,०५० अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते आणि धूर तेथे निदान दोन सेकंद थांबला पाहिजे, असा नियम आहे. रक्ताने माखलेले बोळे, शरीराचे अवयव, मुदत संपलेली औषधे यांच्यासाठी अशी भट्टी आवश्यकच ठरते. पण स्वच्छ करता येण्याजोगे प्लास्टिकही तिच्यात लोटणे म्हणजे सोनाराचा केर चुलीत घालण्यापैकी आहे.

चार रंग आणि एक नियम

भारतात जैववैद्यकीय कचऱ्यासंबंधीचे पहिले स्वतंत्र नियम १९९८ मध्ये करण्यात आले. त्यांची जागा २८ मार्च २०१६ रोजी प्रसिद्ध झालेल्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली व पुढे त्यांतही सुधारणा झाल्या. हे नियम केंद्र सरकारचे असल्यामुळे सीमेच्या अलीकडे महाराष्ट्र आणि पलीकडे कर्नाटक असा भेद त्यांत नाही. अंमलबजावणी त्या त्या राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ करते; परंतु पिशवीचा रंग शहापुरात जो, तोच गडहिंग्लजला.

पिवळ्या पिशवीत जाळावयाचा कचरा, पांढऱ्या अर्धपारदर्शक व न भोसकणाऱ्या डब्यात सुया व इतर धारदार वस्तू, निळ्या खोक्यात काच व धातूची रोपणे, आणि लाल पिशवीत पुन्हा वापरात आणता येण्याजोगे दूषित प्लास्टिक, अशी विभागणी आहे. नळ्या, सलाइनचे संच, लघवीच्या पिशव्या, हातमोजे आणि सुई काढून घेतलेल्या पिचकाऱ्या यांचे स्थान लाल पिशवीत. या पिशवीतील मालाविषयी नियमांच्या पहिल्या अनुसूचीत जे म्हटले आहे ते लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहे. हा माल निर्जंतुक करून त्याचे तुकडे करावेत. नंतर तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे द्यावा, किंवा त्यापासून ऊर्जा मिळवावी, अथवा डिझेल किंवा इंधन तेल तयार करावे, अथवा तो रस्तेबांधणीसाठी वापरावा. मात्र तो जमिनीत पुरण्यासाठी पाठवू नये. अर्थात प्लास्टिकपासून तेल काढण्याची कल्पना ही कोणा हौशी संशोधकाची लहर नसून, तिला नियमातच स्थान मिळालेले आहे.

कोणताही दवाखाना, मग तो एका खाटेचा असो वा एकही खाट नसलेला असो, या नियमांतून सुटत नाही. कचरा प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा अधिक काळ साठवू नये, पिशवीवर सांकेतिक पट्टी असावी आणि ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र उपलब्ध असेल तर दवाखान्याने स्वतःची वेगळी यंत्रणा उभारू नये, अशा तरतुदी आहेत. शेवटची तरतूद लहान दवाखान्यांना जाचक वाटत असे. पण प्रत्येकाने आपापली चिमणी उभारण्यापेक्षा एका देखरेखीखालील केंद्राकडे सर्वांचा माल जाणे केव्हाही इष्ट.

सामायिक केंद्रात

तेथे लाल पिशवीतील माल प्रथम ऑटोक्लेव्हमध्ये जातो. घरातील प्रेशर कुकरचाच हा थोरला भाऊ होय. साध्या प्रकारच्या यंत्रात १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि दर चौरस इंचाला १५ पौंड दाब निदान ६० मिनिटे ठेवावा लागतो. काम खरोखर झाले की नाही हे पाहण्यासाठी एका अतिशय चिवट जिवाणूचे बीजाणू आत ठेवतात. ते मेले तर बाकीचे सारे मेले असे समजावयाचे. या तापमानाला पॉलिप्रॉपिलीनची पिचकारी आपला आकार टिकवून ठेवते, कारण ते सुमारे १६० अंशांच्या पुढे वितळते. सलाइनची मऊ बाटली मात्र बसकण मारते व तिचा गोळा होतो. त्याने काही बिघडत नाही, कारण पुढची पायरी तुकडे करण्याचीच आहे. तुकडे करण्याचा हेतू दुहेरी आहे : एक, पुढील प्रक्रियेसाठी माल सुटसुटीत होतो, आणि दुसरा, अधिक महत्त्वाचा, तुकडे झालेली पिचकारी कोणीही पुन्हा विकू शकत नाही.

येथपर्यंतचे काम देशात अनेक ठिकाणी नित्य चालते. तुकडे झालेले, धुतलेले प्लास्टिक वितळवून त्याचे दाणे पाडता येतात व त्यांपासून बादल्या, कुंड्या यांसारख्या वस्तू होतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने करोनाच्या काळात याच मार्गाने एक उल्लेखनीय काम केले. निर्जंतुक केलेले संरक्षक पोशाख घेऊन त्यांचे दाणे करण्यात आले आणि रिलायन्स इंडस्ट्रीज व पुण्यातील काही कारखान्यांच्या सहकार्याने त्या दाण्यांपासून मोटारींना लागणारे साचेबद्ध भाग तयार करण्यात आले. आधी प्रयोगशाळेत आणि मग १०० किलोच्या प्रमाणावर हे २०२१ मध्ये करून दाखविण्यात आले.

वितळविण्याच्या या मार्गाला मर्यादा आहेत. प्रत्येक वेळी वितळविल्याने साखळ्या थोड्या थोड्या तुटतात व माल हिणकस होत जातो. रबराचे हातमोजे वितळतच नाहीत. दोन-तीन जातींची प्लास्टिके एकत्र वितळविली तर ती तेल-पाण्यासारखी फटकून राहतात. आणि वितळवून केलेल्या दाण्यांपासून पुन्हा पिचकारी करण्याची मुभा सुरक्षिततेच्या दृष्टीने कोणी देणार नाही. पिचकारीची बादली होते, बादलीचे पुढे भंगार होते. वाट उताराचीच राहते. रसायनशास्त्राची खरी गरज येथून पुढे लागते.

हवेविना उष्णता

कोळसा पाडणारे लोणारी जे करतात ते आपल्या ग्रामीण वाचकांना ठाऊक आहे. लाकडे रचून त्यांवर पाला व माती लिंपली जाते. आत उष्णता असते पण हवा नसते. त्यामुळे लाकडाची राख न होता कोळसा होतो आणि काही भाग धुराच्या रूपाने बाहेर पडतो. प्लास्टिकच्या बाबतीत हीच युक्ती बंद लोखंडी पात्रात योजली जाते. पात्रातील हवा काढून घेऊन सुमारे ४०० ते ५५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले, की लांब साखळ्या तुटून त्यांची वाफ होते. ही वाफ थंड केली, की गवती चहाचे तेल गाळताना जसे तेल ठिबकते तसे येथेही तेल ठिबकू लागते. जे थंड होऊनही द्रवरूप होत नाही तो वायू. तो त्याच पात्राखाली जाळून उष्णता भागविता येते. पात्राच्या तळाशी थोडा काळा अवशेष उरतो. शास्त्रीय परिभाषेत या क्रियेला पायरोलिसिस म्हणतात. पात्रात झिओलाइटसारखा उत्प्रेरक घातला तर साखळ्या कोठे तुटाव्यात यावर काही अंशी नियंत्रण येते व हलके, अधिक उपयुक्त तेल मिळते.

महाराष्ट्रात या मार्गावर चालणाऱ्यांमध्ये पुण्याच्या डॉ. मेधा ताडपत्रीकर आणि श्री. शिरीष फडतरे यांचा उल्लेख करावा लागेल. घरातील प्रेशर कुकरमध्ये प्लास्टिक तापवून पाहण्यापासून सुरुवात करून त्यांनी रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्युशन ही संस्था उभारली आणि जेजुरी येथे प्लास्टिकपासून इंधन तेल काढण्याचा प्रकल्प चालविला. त्यांचा कच्चा माल घरोघरचे प्लास्टिक हा होता, दवाखान्यातील नव्हे. परंतु तत्त्व तेच. संरक्षक पोशाखांतील पॉलिप्रॉपिलीन अशाच रीतीने ३०० ते ४०० अंशांवर तासभर तापवून द्रव इंधन मिळविता येईल, असे डेहराडून येथील एका विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये सुचविले होते.

तेल जाळून टाकावयाचे असेल तर कार्बन शेवटी हवेतच जातो. म्हणून अधिक मोलाचा मार्ग तेलाऐवजी मूळ रसायने मिळविण्याचा होय. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील चाल्मर्स विद्यापीठात यावर काम झाले आहे. भडभुंज्याच्या कढईतील तापलेल्या वाळूत चणे जसे क्षणात फुटतात, तसे तेथील उंच पात्रात सतत उसळत असलेल्या तप्त वाळूत प्लास्टिक टाकले जाते. तापमान ७०० अंशांच्या पुढे असते आणि हवेऐवजी पाण्याची वाफ सोडलेली असते. साखळ्या क्षणार्धात तुटून एथिलीन, प्रॉपिलीन, बेंझीन यांसारखे लहान रेणू वायुरूपाने मिळतात. हातमोजे, मुखपट्ट्या, झगे, नळ्या असा मिश्र वैद्यकीय मालही या रीतीने हाताळता येतो, हे तेथील संशोधकांनी दाखविले आहे. एवढ्या उष्णतेत कोणताही रोगजंतू टिकत नाही. मिळणारे एथिलीन हे तेलशुद्धीकरण कारखान्यातील एथिलीनपासून वेगळे ओळखता येत नाही, कारण रेणूला पूर्वजन्म आठवत नसतो. त्यापासून पुन्हा वैद्यकीय दर्जाचे प्लास्टिक करता येते. वितळविण्याच्या मार्गाने जे अशक्य, ते येथे शक्य होते.

या रसायनांचा उपयोग केवळ प्लास्टिकपुरता नाही. बेंझीनपासून रंग आणि औषधे यांची पूर्वद्रव्ये तयार होतात. एथिलीनपासून एथिलीन ग्लायकॉल होते आणि त्याचा टेरेफ्थॅलिक आम्लाशी संयोग झाला की पॉलिएस्टर. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत यंत्रमागांचा खडखडाट अजून ऐकू येतो आणि कृत्रिम धाग्याची लुगडी व साड्या तेथे विणल्या जातात. त्या मागावरील पॉलिएस्टरचा धागा आणि शेजारच्या दवाखान्यातील सलाइनची बाटली यांचे नाते एथिलीनच्या रेणूतून असे जुळते. कागदावर हे अंतर चार पायऱ्यांचे आहे. प्रत्यक्षात मध्ये मोठाले कारखाने लागतात, हेही तितकेच खरे.

अडचण कोठे येते?

आता पीव्हीसीकडे वळू. पीव्हीसी तापू लागले की सुमारे २५० ते ३५० अंशांच्या दरम्यान, म्हणजे इतर प्लास्टिक तुटण्याच्या पुष्कळ आधी, त्यातील क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपाने बाहेर पडतो. ओलाव्याशी गाठ पडताच त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. हे आम्ल पात्राचे लोखंड खाते, उत्प्रेरक मारते आणि तेलात क्लोरीनयुक्त द्रव्ये मिसळून तेल नासवते. दुधाच्या घागरीत लिंबू पिळावे तसा हा प्रकार होय. यावर उपाय आहेत. माल आधी कमी तापमानाला तापवून क्लोरीन काढून घेता येतो किंवा चुन्याकरवी तो शोषून घेता येतो. पण प्रत्येक उपाय खर्च वाढवितो. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पीव्हीसीच्या नळ्या व पिशव्या पिचकाऱ्या-बाटल्यांपासून आधीच वेगळ्या काढणे. २०१६ च्या नियमांत क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या, हातमोजे आणि रक्तपिशव्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याची तरतूद घातली गेली, तिच्यामागे हेही एक कारण समजावे. निदान कचरा भरावयाची पिशवी तरी क्लोरीनविरहित असली पाहिजे.

दुसरी अडचण सुईची. पिचकारीला सुई तशीच राहिली तर ती प्रथम ज्याला टोचते तो सफाई कामगार असतो. डॉक्टरला टोचली तर लस, तपासणी, औषध यांची व्यवस्था त्याच्या हाताशी असते. पोते उचलणाऱ्या बाईला टोचली तर ती बोट झटकून पुढच्या दाराशी जाते. खाटेपाशीच सुई कापणारे साधे उपकरण वापरले, की हा प्रश्न उरत नाही. हे उपकरण बहुतेक दवाखान्यांत असते. अनेकदा ते कपाटात असते.

तिसरी अडचण मालाच्या प्रमाणाची. रसायने काढणारे संयंत्र थोड्या मालावर चालत नाही आणि मोठे संयंत्र उभारले तर त्याला अखंड माल लागतो. एखाद्या तालुक्याच्या लाल पिशव्या त्याला पुरणार नाहीत. हे काम आज सामायिक केंद्रांचा निर्जंतुक केलेला माल एकत्र करून आणि एखाद्या रसायन कारखान्याच्या आवारातच शक्य दिसते. प्रत्येक तालुक्याला असे संयंत्र देऊ असे आश्वासन कोणी दिल्यास ते जरा सावधपणेच ऐकावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिरुवनंतपुरम येथील संशोधन संस्थेने तयार केलेले ‘सृजनम्’ हे यंत्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बसविण्यात आले; दिवसाला ४०० किलो क्षमतेचे हे यंत्र कचरा न जाळता निर्जंतुक करते. रसायने काढणे हे त्याचे काम नाही. पण दवाखान्याच्या आवारातच धोका संपविणारी अशी साधने वाढली, तर पुढील वाहतूक सुरक्षित होईल व रसायनांकडे जाणारा माल वाढेल.

तोपर्यंत दवाखान्यात आणि घरात

आरोग्य संघटनेच्या मते दवाखान्यांतील सुमारे ८५ टक्के कचरा हा घरगुती कचऱ्यासारखाच निरुपद्रवी असतो : कागद, खोकी, जेवणाचे उष्टे. तो लाल पिशवीत पडला की चांगल्या प्लास्टिकचाही दर्जा जातो. आणि लाल पिशवीतील वस्तू साध्या टोपलीत पडली तर सगळी टोपली दूषित ठरते. ज्या परिचारिकेच्या हातून दिवसाला शंभर वस्तू सुटतात, तिच्यासमोर चारही भांडी हाताच्या अंतरावर ठेवलेली असणे, हे कोणत्याही प्रशिक्षण वर्गापेक्षा अधिक उपयोगी पडते. डबे जिन्याखाली आणि रुग्ण माडीवर, अशी मांडणी असेल तर नियम भिंतीवरच राहतात.

ग्रामीण भागातील एक समजूतही येथे नमूद करावीशी वाटते. सुई टोचल्याशिवाय आणि निदान एक सलाइन चढविल्याशिवाय आजार हटत नाही, असा अनेकांचा ग्रह असतो आणि गोळ्या देऊन परत पाठविणारा डॉक्टर त्यांना कच्चा वाटतो. तोंडावाटे घेता येण्याजोगे औषध शिरेतून घेण्याचा आग्रह धरला, की एक पिचकारी, एक बाटली व हातभर पीव्हीसीची नळी विनाकारण खर्ची पडते. शाळेतील आरोग्यविषयक पाठाच्या वेळी शिक्षकांनी हा विषय काढल्यास मुले तो घरी नेतील.

मधुमेहामुळे घरी इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांची संख्या खेड्यांतही वाढली आहे. त्यांच्या सुया व पिचकाऱ्या घंटागाडीत केराबरोबर टाकू नयेत. घरातील असा माल हा घरगुती घातक कचरा मानला जातो. जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या रिकाम्या बरणीत सुया साठवाव्यात, बरणी तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटवून बंद करावी आणि ‘सुया’ असे ठळक लिहून ती नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या घातक कचरा संकलनाकडे वेगळी सोपवावी. तशी सोय नसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारणा करावी. वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा बसविण्याचा प्रयत्न करू नये. अनेक टोचण्या त्याच क्षणी होतात. सुई टोचलीच, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने धुवावी, दाबून रक्त काढू नये आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. एचआयव्हीला प्रतिबंध करणारे औषध ७२ तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, सुरू करावे लागते.